गिफ्टेड प्रोग्राम आणि ॲडव्हान्स्ड क्लाससाठी मुलांची तयारी कशी करून घ्यायची

हुशार मुलांसाठीच्या गिफ्टेड प्रोग्रामला किंवा वरच्या पातळीच्या ॲडव्हान्स्ड क्लासला मुलं निवडायला शाळा टेस्ट घेतात. टेस्टची तारीख कळली की आपण प्रश्नसंचांचा गठ्ठा आणतो आणि मुलाला रोज एक पेपर सोडवायला बसवतो. मी पण मुलीच्या वेळी हेच केलं, पंधरा दिवसांत ती वैतागली आणि कोडी बघितली की तोंड फिरवायला लागली, त्यामुळे आधीच सांगते, असं नका करू.

या टेस्ट पाठांतराच्या नसतातच. कॉगॅट आणि नाग्लिएरी या त्यातल्या दोन टेस्ट; कॉगॅटमध्ये शब्द, संख्या आणि आकृत्या असे 3 भाग असतात, नाग्लिएरीमध्ये तर फक्त आकृत्याच. प्रश्न कसे असतात, उत्तर कुठे खूण करायचं एवढं कळायला दोन-तीन नमुना पेपर पुरतात. बाकीचा वेळ विचार करायची सवय लागण्यात जाऊ दे.

म्हणजे काय, तर 2, 6, 12, 20, पुढे काय हे विचारायचं. 30 आलं की शाब्बास म्हणून पुढे न जाता "तुला कसं सुचलं?" विचारा. कुणी म्हणेल फरक 4, 6, 8 असा वाढतोय, कुणाला 1×2, 2×3, 3×4 दिसेल, मग दुसरी पद्धत पण शोधायला सांगा. रोज असं एकच कोडं घेतलं तरी चालतं, पण बोलणं झालंच पाहिजे.

वाचन रोज हवंच. मुलाला स्वतःला जड जाईल असं पुस्तक तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, कारण लहान मुलांना वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं. नवीन शब्द आला की अर्थ लगेच सांगू नका, आधी अंदाज करू दे.

गणितात पुढच्या इयत्तेचं पुस्तक उघडायची घाई होते सगळ्यांना, पण ॲडव्हान्स्ड क्लासमध्ये मुलं अडकतात ती बऱ्याचदा अपूर्णांक आणि गुणोत्तर कच्चं राहिल्यामुळे, आणि बीजगणित तर त्याच्यावरच उभं असतं. ¾ भागिले ½ करताना खालचा अपूर्णांक उलटा करून गुणायचा हे पाठ असतं, पण पाऊणमध्ये अर्धे किती बसतात विचारलं की गप्प. दीड बसतात, हे चित्र काढून दिसलं पाहिजे.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, हुशार मुलांना अडायची सवयच नसते हो! सगळं पटकन येत गेलेलं असतं, मग ॲडव्हान्स्ड क्लासमध्ये पहिल्यांदा गाडी अडली की "मी हुशार नाहीच" म्हणून रडतात. म्हणून आठवड्यातून दोनदा एक खरंच अवघड गणित द्या, 15-20 मिनिटं मदत नाही, नंतर सुद्धा उत्तर न सांगता "यातलं तुला काय काय माहितीये?" एवढंच विचारा. नाही सुटलं तर उद्या परत. चुकलेली गणितं एका वहीत लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा सोडवायला लावा, एकाच दिवशी दहादा घोटण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

टेस्टच्या आदल्या रात्री अभ्यास नको, झोप हवी.

रिझल्टमध्ये 98 पर्सेंटाइल म्हणजे 98 टक्के मार्क नव्हेत, त्याच वयाच्या साधारण 98 टक्के मुलांपेक्षा पुढे असा अर्थ आहे. आणि नाव नाही लागलं तर मुलासमोर चेहरा पाडू नका. 1921 मध्ये टर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, त्यांच्या टेस्टमधून शॉकली आणि अल्वारेझ या दोन मुलांची निवड झाली नाही, पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं. शाळेत जाऊन पुन्हा टेस्ट कधी देता येईल विचारा, आणि फक्त एका विषयात वरच्या वर्गात बसू देतात का तेही विचारून या.