पिवळं दिसलं की मीठच? हायब्रीड भाताच्या क्षार-चाचणीत या चुका टाळा

दर जूनमध्ये एक तरी एम.एस्सी.चं पोरगं सिनॉप्सिस घेऊन दारात उभं राहतं. विषय ठरलेला असतो: संकरित भातातील क्षार सहनशीलतेचा जनुकीय अभ्यास. आता परभणीच्या काळ्या मातीत भात कुठला, असं कोकणातले लोक विचारतात. आमच्याकडे त्याला साळ म्हणतात, आणि ती भोकर-किनवटकडे अजून घेतात. शिवाय जायकवाडीच्या कालव्याखाली पाणी मुरून मुरून जमिनी पांढऱ्या पडल्यात, म्हणून विषय इथलाच आहे. मी पोराला एवढंच विचारतो, "बिनमिठाचे ट्रे किती ठेवणार?" ते खाली बघतं. पुढचं सगळं रामायण मला तिथंच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक आधी सांगतो: रोप पिवळं पडलं की त्याचं खापर मिठावर फोडणं.

काही वर्षांपूर्वी एका पोराने २८ संकर लावले. मे महिना होता. थर्माकोलच्या पाट्या, भोकांखाली नायलॉनची जाळी, प्रत्येक भोकात मोड आलेलं बी, खाली योशिदा द्रावण (मातीऐवजी वापरायचं अन्नद्रव्यांचं पाणी), सगळं पुस्तकाप्रमाणे. तेराव्या दिवशी फोन आला. "सर, सगळेच गेले. एफएल४७८ ला पण सात स्कोअर द्यावा लागतोय." एफएल४७८ म्हणजे मिठाला नाजूक आयआर२९ आणि मीठ सोसणारा केरळचा पोक्काली भात यांच्या संकरातून काढलेली ओळ. अशा चाचणीत सहनशील चेक, म्हणजे तुलनेचं वाण, म्हणून जगभर तीच लावतात. स्कोअर एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे मेलेलं; तिला सात मिळत असतील तर चूक रोपाची नाही, आपली आहे.

जाऊन पाहिलं तर ट्रे लिंबासारखा पिवळा. मी एक रोप उपटलं आणि पानं मोजली. सगळ्यात कोवळं, नुकतं उलगडलेलं पान पांढरट-पिवळं, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. सगळ्यात जुनं पान मात्र शेंड्यापर्यंत हिरवंगार. मिठाचा मार याच्या बरोबर उलटा दिसतो. मुळातून चढलेलं सोडियम बाष्पोच्छ्वासाबरोबर पानात येतं आणि जुन्या पानात साठत राहतं. म्हणून आधी जुन्या पानाचा शेंडा पांढरा होतो, वाळतो, गुंडाळतो, आणि कोवळं पान शेवटपर्यंत टिकतं. कोवळं पान आधी पिवळं पडलं तर ती लोहाची कमतरता. एवढा फरक ओळखता आला तरी अर्धा प्रबंध वाचतो.

"पीएच किती?" "सर, सुरुवातीला पाच होता." मीटर बुडवला, ७.६ आला. लोडशेडिंगमुळे डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र दोन दिवस बंद होतं. ट्रेमधलं पाणी आटलं तसं पोरानं बोअरचं पाणी ओतलं. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे चुनखडीचा अर्क, त्यातल्या बायकार्बोनेटने पीएच वर चढला, द्रावणातलं लोह खाली बसलं आणि रोपाला मिळेना. पोरगं आपलं मिठाला स्कोअर देत बसलं होतं.

एक बिनमिठाचा ट्रे शेजारी असता तर तोही पिवळा पडला असता आणि चौथ्या दिवशीच डोळे उघडले असते. पण "जागा वाचवायची" म्हणून तो ठेवलाच नव्हता. चाचणी पुन्हा लावली, हंगाम गेला, प्रबंध पुढच्या वर्षावर गेला. दोन पाट्यांच्या जागेसाठी एक वर्ष. लबाडी परवडते, घाई परवडत नाही, असं मी पोरांना म्हणतो. गंमत म्हणूनच म्हणतो.

माझी सवय अशी. सकाळी चहाच्या आधी पीएच बघायचा, तो पाचच्या आसपास आणून ठेवायचा आणि मगच चहा. आटलेलं पाणी डिस्टिल्डनेच भरायचं, नसेल तर नसेल, त्या दिवशी ट्रे सावलीत ओढायचा. आठ दिवसांनी द्रावण पूर्ण बदलायचं. एफएल४७८ आणि आयआर२९ हे दोन्ही चेक प्रत्येक ट्रेमध्ये लावायचे. एकाच ट्रेमध्ये लावून बाकीच्यांना तोच न्याय लावायचा नाही. आयआर२९ मरायला हवी आणि एफएल४७८ जगायला हवी. हे दोन्ही झालं नाही तर त्या ट्रेचा एकही आकडा मी वहीत घेत नाही.

शेतातही हाच घोटाळा होतो, आणि आमच्याकडे जरा जास्तच होतो. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पेरसाळ पिवळी पडते ती बहुतेक वेळा लोहाअभावी. आपलं प्रभावती वाण या पिवळेपणाला तग धरतं म्हणूनच इथं नावाजलं गेलं. शंका असेल तर हिराकशीचं (फेरस सल्फेटचं) अर्धा टक्का द्रावण चार ओळींवर फवारा. चार-पाच दिवसांत नवं पान हिरवं झालं तर ते लोहच होतं. मिठाने जळलेला शेंडा कशानेच परत येत नाही.

मीठ एकदम ओतू नका. आधी ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणाचा खारेपणा, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) ६ वर तीन दिवस, मग १२. लिटरला साधारण ३ आणि ६ ग्रॅम सोडियम क्लोराईड लागतं, पण वजनावर विसंबू नका, मीटरवर बघा. आणि स्वयंपाकघरातलं आयोडीनचं मीठ वापरू नका. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

मे आणि ऑगस्टमधले स्कोअर शेजारी ठेवू नका. कोरड्या हवेत रोप जास्त पाणी ओढतं आणि त्याबरोबर सोडियमही. मे महिन्यातलं आमचं ऊन आणि श्रावणातली दमट हवा यांत एकच वाण दोन वेगळी वाणं वाटतात.

आता माझी दुसरी लाडकी चूक. "हायब्रीड आहे म्हणजे दणकट असणारच." संकर झपाट्याने वाढतो हे खरं. पानं मोठी होतात, आत आलेलं सोडियम जास्त पानांत वाटलं जातं आणि ग्रॅममागचा आकडा कमी दिसतो. त्याला लोक सहनशीलता म्हणतात. मी म्हणतो पाणी घालून वरण वाढवलं. संकराची तुलना त्याच्याच बिनमिठाच्या रोपांशी करा, आणि दोन पालकांपैकी जो सरस असेल त्याच्याशी करा. नुसतं "आयआर२९ पेक्षा उंच" लिहून आणलेले तक्ते मी परत पाठवतो.

मिठाची सहनशीलता एका जनुकाचा खेळ नाही. पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरचा साल्टॉल हा त्यातला सगळ्यात नावाजलेला भाग. त्याच भागात ओएसएचकेटी१;५ हे जनुक आहे. नोना बोक्रा या वाणातून ते २००५ मध्ये शोधून काढलं, तेव्हा त्याचं नाव एसकेसी१ होतं. त्याचं काम जकात नाक्यासारखं. मुळाकडून वर निघालेल्या रसातलं सोडियम वाटेतच उतरवून घेतं, पानापर्यंत पोचू देत नाही. पण नाका एकाच रस्त्यावर असेल तर गाड्या दुसऱ्या रस्त्याने जातातच. सहनशीलतेचा मोठा भाग अनेक जनुकांच्या बेरजेतून येतो. म्हणून एका पालकात साल्टॉल घालून दुसरा पालक मिठाला नाजूक ठेवला तर संकराला एकच प्रत मिळते आणि बेरीज अर्धवट राहते. दोन्ही पालक भक्कम करा.

इथंच सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "ए लाईनमध्ये साल्टॉल समाविष्ट करणे." बाबा रे, हायब्रीड तीन ओळींवर उभं असतं: ए लाईन नर-वंध्य, बी लाईन तिचाच सुपीक जुळा भाऊ, आणि आर लाईन म्हणजे संकराची सुपीकता परत आणणारा नर पालक. तिचं बी दर हंगामात बी लाईनच्या परागावर तयार होतं आणि केंद्रक बी लाईनकडूनच येतं. बी लाईन न बदलता ए लाईन बदलली तर पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तुमचं जनुक धुऊन जाईल. आधी बी लाईनमध्ये घाला, मग तिच्याशी ए लाईनचं पुनःपुन्हा संकरण करा. वेळ दुप्पट लागतो. तीन वर्षांच्या पीएच.डी.त बसत नाही म्हणून शास्त्र बदलत नाही. वेळ नसेल तर आर लाईनवर काम करा आणि तसं स्पष्ट लिहा.

आर लाईनचीही एक गोष्ट आहे. एका मुलीने साल्टॉल घातलेल्या आर लाईनपासून संकर केला आणि खारवट तुकड्यात लावला. लोंब्या सुरेख आल्या, पण हातात घेतल्या तर हलक्या, निम्म्याहून जास्त पळींज. तिने निष्कर्षही लिहून ठेवला होता: "फुलोऱ्यात क्षारांना संवेदनशील." मी विचारलं, "गोड जमिनीतल्या कुंड्या कुठायत?" नशिबाने मागे तीन कुंड्या होत्या, तिनं त्या बघितल्याच नव्हत्या. त्यांतही तेवढीच पळींज.

परागकण काचेवर घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. चांगला पराग काळसर-निळा आणि गोल दिसतो. तिच्याकडे बरेचसे फिके आणि सुरकुतलेले. मिठाचा प्रश्नच नव्हता, संकराची सुपीकता पूर्ण परतली नव्हती. डब्ल्यूए (रानटी भातातून आलेल्या) प्रकारच्या वंध्यत्वात आरएफ३ आणि आरएफ४ ही सुपीकता परत आणणारी मुख्य जनुकं. आरएफ४ दहाव्या गुणसूत्रावर, आरएफ३ पहिल्यावर, म्हणजे साल्टॉल ज्या गुणसूत्रावर आहे तिथंच. मूळ पालकाशी पुनःपुन्हा संकरण करताना साल्टॉलसोबत दात्याचा (ज्या वाणातून साल्टॉल घेतला त्याचा) लांबलचक तुकडा ओढत आणलात तर आरएफ३ च्या जागीही दात्याचं काहीतरी येऊन बसू शकतं. तिनं प्रत्येक पिढीत मार्कर (जनुकाचा तुकडा ओळखायच्या डीएनए-खुणा) लावले ते फक्त साल्टॉलचे. तेव्हापासून आर लाईनवर काम करणाऱ्याला मी दोन्ही आरएफ जनुकांचे मार्कर पहिल्या पिढीपासून लावायला सांगतो. फुलोऱ्यात माझी आयोडीनची बाटली कायम खिशात असते. आणि हो, उन्हाळी साळ फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांच्या वर गेला तरी दाणे भरत नाहीत. मीठ, जनुक आणि ऊन या तिघांनाही आधी चौकशीला बोलवा, मग आरोपपत्र लिहा.

"मार्करची पट्टी आली म्हणजे सहनशील" हेही सोडा. साल्टॉलच्या आरएम३४१२ या मार्करची पट्टी सांगते की तिथं दात्याचा तुकडा असावा. रोप मीठ सोसेल, हे ती सांगत नाही. शिवाय साल्टॉलचं काम मुख्यतः रोपावस्थेतलं. फुलोऱ्यातली सहनशीलता वेगळी, तिची जनुकं वेगळी. रोपवाटिकेत तगलेला संकर पोटरीत आल्यावर बसू शकतो. भात मिठाला दोन वेळा सगळ्यात नाजूक असतो, रोप असताना आणि फुलोऱ्यात. मधल्या फुटव्यांच्या काळात तो बराच कणखर असतो, म्हणून त्या वेळी घेतलेली निरीक्षणं बघून कुणी खूश होऊ नये.

जमिनीचं एक. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातले एक काका दर वर्षी फोन करतात. "सर, मिठात येणारं हायब्रीड बियाणं भेटल का?" मी म्हणतो, काका, आधी मातीचा पीएच आणि ईसी काढून आणा. कारण खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संतृप्त अर्काची ईसी ४ च्या वर म्हणजे खारवट. पीएच ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. चोपण जमीन ओली झाली की चिखलाची पेंड, वाळली की दगड, पाणी खाली उतरतच नाही. साल्टॉल तिथं एकटा फारसं करू शकत नाही. कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेची सीएसआर३६ सारखी वाणं चोपण जमिनीसाठीच काढलेली आहेत, आणि मातीत जिप्समही लागतं. सिनॉप्सिसमध्ये "क्षारपड" असा एकच शब्द लिहिणाऱ्या पोरांना मी काकांचा फोन जोडून देतो. काका स्वतःच्या शेताची हालत पंधरा मिनिटं सांगतात. पोरांना विषय कळतो.

घरचं राखलेलं हायब्रीडचं बी चाचणीत घेऊ नका. ती दुसरी पिढी असते, सगळं विस्कटलेलं. आणि एफ१ चं (पहिल्या पिढीचं) बी घेतलं तरी आधी शुद्धता तपासा. बीजोत्पादनाच्या शेतात ए लाईनमध्ये बी लाईनची दहा झाडं राहिली तर तुमच्या "संकरात" बी लाईनची रोपं उभी राहतात. मग पुनरावृत्तींमध्ये फरक एवढा का येतो म्हणून तुम्ही संख्याशास्त्राच्या सरांकडे जाता. ते बिचारे काय करणार?

शेवटी बियाण्याचं पाकीट. पोक्काली हे एक वाण नाही, त्या नावाची अनेक संकलनं बियाणे पेढ्यांत आहेत आणि सगळी सारखी नाहीत. पाकिटावर नुसतं "पोक्काली" नको, संकलन क्रमांक लिहा, तोही पेन्सिलने. ओल्या हातांनी शाई पुसली जाते. पेरण्याआधी पाच-सहा दाणे नखाने सोलून बघा. पोक्कालीचा तांदूळ आतून तांबडा असतो. मागच्या खेपेला माझ्याकडे आलेल्या पाकिटातला दाणा पांढराशुभ्र निघाला, आणि त्यावर दोन वर्षांचं संकरण होऊन गेलं होतं.