जुनी केबिन, नवी चॅसी: शेव्हरोलेच्या १९४७–५५ च्या पिकअपची पुनर्बांधणी

शेव्हरोलेने १९४७ च्या उन्हाळ्यात ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील पिकअप अमेरिकेच्या बाजारात आणली आणि १९५५ च्या वसंतापर्यंत तिचे उत्पादन चालू ठेवले. गोलसर छत, फुगीर मडगार्ड आणि १९५३ पर्यंतच्या पुढच्या जाळीतील पाच आडव्या पट्ट्या यांमुळे ही गाडी आजही दुरून ओळखू येते. परंतु तिच्या पोटातील यंत्रणा आजच्या महामार्गाला पुरी पडत नाही. १९५३ पर्यंत २१६ घनइंचाचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन, सहा व्होल्टची वीजव्यवस्था, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सर्वांसाठी एकच सामाईक हायड्रॉलिक वाहिनी, अशी ती रचना होती. म्हणूनच अमेरिकेतील हौशी कारागीर या मालिकेतील अर्ध्या टनाच्या ‘३१००’ ची केबिन शेव्हरोलेच्याच एस-१० या लहान पिकअपच्या चॅसीवर, म्हणजे चाके व इंजिन पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यावर, बसवतात. मीही मिशिगनमधील माझ्या गॅरेजमध्ये हेच काम केले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: चॅसी नवी असली तरी प्रत्येक माप केबिनवरून आणि मडगार्डमधील चाकाच्या जागेवरून घ्यावे लागते. चॅसीला केबिनच्या अधीन ठेवले तर गाडी जुळते. उलट केले तर दार, बॉनेट आणि चाक यांपैकी काहीतरी कायमचे खटकत राहते.

हत्यार उचलण्याआधी कागदपत्रे पाहावीत. जुन्या केबिनवरील क्रमांकाची पट्टी चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर असते, तर एस-१० चा क्रमांक तिच्या स्वतःच्या कागदपत्रांत नोंदलेला असतो. दोन वाहनांचे मिळून एक वाहन होत असेल तर नोंदणी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या नावाने होईल याचा नियम प्रत्येक राज्यात वेगळा आहे, म्हणून आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडून तो आधीच लेखी मिळवावा. क्रमांकाची पट्टी काढणे किंवा दुसरीकडे चिकटवणे हा फेडरल गुन्हा ठरू शकतो. पत्र्याचे काम करताना ती झाकून ठेवावी, तिला हात लावू नये. भारतातील वाचकांसाठी येथेच सांगायला हवे की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात अशी गाडी बांधून रस्त्यावर आणण्याचा बेत कोणी करू नये.

केबिन निवडताना रंगाकडे पाहू नये, तळाकडे पाहावे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मिशिगनसारख्या राज्यातील केबिनपेक्षा ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील केबिन वाहतुकीचा खर्च धरूनही बहुतेक वेळा स्वस्त पडते. गंज ठरलेल्या ठिकाणी असतो: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालील उंबरठ्याची पट्टी, पायाजवळचा पुढचा पत्रा आणि काचेखालील हवेच्या झडपेभोवतीची खाच. या जागी लोहचुंबक फिरवावा. तो चिकटला नाही तर खाली पत्रा नसून पुटी आहे असे समजावे. त्यानंतर जाड पेचकस जोर देऊन टोचून पाहावा. पत्रा आत दबला तर तेवढा भाग गेला. दाराच्या बिजागरीचा खांब सडला असेल तर ती केबिन घेऊ नये, कारण सर्व मापांचा आधारच तो खांब आहे.

सडलेला पत्रा कापण्याआधी केबिन आतून बांधून घेणे ही या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तीच मी पहिल्या केबिनच्या वेळी गाळली. दोन्ही बाजूंचे उंबरठे एकाच दुपारी कापून नवे लावले, आणि संध्याकाळी दार बसवले तेव्हा वरच्या मागील कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आणि खाली पत्र्याला पत्रा घासत होता. तळाचा आधार निघताच केबिन मधोमध खचली होती आणि वेल्डिंगने ती तशीच पक्की झाली होती. ते सर्व काम पुन्हा कापावे लागले. म्हणून एक इंच चौरस पोकळ नळ्या घेऊन पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन आडव्या आणि एक तिरपी अशा प्रत्येक बाजूला जोडाव्यात, मग डावीकडून उजवीकडेही दोन नळ्या टाकाव्यात, आणि हे सर्व दारे बसवलेली व बंद असताना, चारही बाजूंची फट सारखी करून मगच करावे. नळ्या अशा लावाव्यात की दार उघडता-मिटता येईल. त्यानंतर एका वेळी एकच बाजू कापावी आणि प्रत्येक तुकडा टाचल्यावर दार लावून पाहावे.

या केबिनचा पत्रा साधारण १८ गेजचा (गेज हे पत्र्याच्या जाडीचे माप) आहे, म्हणून नवा पत्राही तेवढाच घ्यावा आणि मिग वेल्डिंगसाठी (वायूच्या आवरणात सतत पुढे येणाऱ्या तारेने करायचे वेल्डिंग) ०.६ मिलिमीटरची तार वापरावी. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवू नये. कडेला कड भिडवावी, कारण चढवलेल्या सांध्यात पाणी साचते आणि दहा वर्षांनी तेथूनच पुन्हा गंज सुरू होतो. सलग रेघ ओढण्याचा मोह टाळावा. दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक टाका घालावा, तो हाताला सोसेल इतका निवू द्यावा, मग दुसऱ्या टोकाला जावे. घाई केली तर पत्रा पापडासारखा वाकतो. त्या काळच्या रंगात शिसे असते, म्हणून कोरडी घासणी करू नये आणि योग्य मुखवटा वापरावा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर कधीही वेल्डिंग करू नये; त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

आता चॅसी. मूळ ३१०० च्या दोन आसांमधील अंतर ११६ इंच आहे, तर एस-१० च्या साध्या केबिनच्या, लांब हौद्याच्या (मागच्या माल ठेवण्याच्या भागाच्या) पिकअपचे ११७.९ इंच. आखूड हौद्याची १०८.३ इंचांची चॅसी मिळते, पण ती लांबवावी लागते. म्हणून लांब हौद्याचीच शोधावी. उरलेला दोन इंचांचा फरक काढण्यासाठी मागच्या पाट्यांच्या (पानांच्या स्प्रिंगांच्या) दोन्ही टोकांचे आधार तितकेच पुढे घ्यावेत, अन्यथा मागचे चाक मडगार्डच्या मधोमध न दिसता मागे सरकलेले दिसते. चॅसी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (टेकूच्या स्टँडांवर) ठेवावी, पाणसळीने समतल करावी, ओळंबा सोडून मध्यरेषा फरशीवर आखावी आणि दोन्ही कर्ण मोजून चॅसी वाकलेली नाही याची खात्री करावी. इंजिन नसताना पुढच्या स्प्रिंगा उचललेल्या राहतात आणि उंचीची सर्व मापे चुकतात. म्हणून स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी आट्यांच्या सळया लावाव्यात आणि गाडी अंतिम उंचीवर धरावी.

त्यानंतर केबिन, मडगार्ड, बॉनेट आणि जाळी हे सर्व एकदम, नुसते टेकवून उभे करावे. आधी पुढचे चाक मडगार्डच्या कमानीत मध्यावर आणावे आणि त्यावरून केबिन मागे-पुढे करावी. फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असलेल्या एस-१० चे आस किंचित अरुंद असल्याने चाक आत गेलेले दिसते. त्यावर उपाय चाकाच्या रिमची बैठक बदलणे हा आहे, आस कापणे हा नव्हे. जागा ठरल्यावरच जुने आधार कापावेत, पाच मिलिमीटर जाड पत्र्याचे नवे आधार करावेत आणि प्रत्येकाखाली रबर बुश घालावा.

इंजिनासाठी १९९९ ते २००७ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो या पिकअपमधील ५.३ लिटरचे व्हॉर्टेक इंजिन आणि ४एल६०ई हा स्वयंचलित गिअरबॉक्स ही जोडी भंगारात सहज मिळते. त्या इंजिनाला ५८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचे इंधन लागते. १९४९ नंतरच्या मूळ गाडीत पेट्रोलची टाकी आसनामागे, माणसाच्या पाठीला लागून होती; ती काढून टाकीतच पंप असलेली नवी टाकी हौद्याखाली, चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्ये बसवावी. इंजिनाच्या संगणकातील चोरीविरोधी कुलूप आधीच काढून घ्यावे, अन्यथा इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट जितके अंश खाली झुकेल तितकेच डिफरन्शियलचे (मागच्या आसावरील गिअरपेटीचे) तोंड वर असावे आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (वळणाऱ्या सांध्याचा) कोन एक ते तीन अंशांत राहावा. हे जमले नाही तर ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडी थरथरते.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली बसत असेल तर तो चाकाच्या कॅलिपरपेक्षा (डिस्कला चिमटणाऱ्या भागापेक्षा) खाली जातो आणि तेल परत वाहते. म्हणून डिस्कच्या वाहिनीत दोन पीएसआयची आणि ड्रमच्या वाहिनीत दहा पीएसआयची रोखझडप (वाहिनीत थोडा दाब टिकवून ठेवणारी झडप) घालावी. ब्रेकसाठी साधी तांब्याची नळी वापरू नये. स्टीअरिंगचा मूळ दांडा एकसंध असून धडकेत तो थेट छातीवर येतो, त्यामुळे दबणारा आधुनिक कॉलमच लावावा. कॉलमपासून खाली तीन क्रॉस वापरले तर मध्ये आधाराचे बेअरिंग हवे. मूळ गाडीत सीटबेल्ट नव्हते; त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात न कसता खाली जाड पोलादी तुकडा देऊन कसावेत.

केबिन रबरावर बसलेली असल्याने तिचा चॅसीशी विजेचा संबंध तुटतो, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. इंजिन ते चॅसी आणि चॅसी ते केबिन अशा दोन जाड अर्थिंगच्या पट्ट्या, खालचा रंग खरवडून, लावाव्यात. मीटरचे काटे नाचणे आणि दिवे मंद होणे या तक्रारी बहुधा त्यांच्या अभावी येतात.

हे सर्व जुळल्यावर गाडी पुन्हा पूर्ण उघडावी, रंग द्यावा आणि मगच कायमची बांधावी. व्हील अलाइनमेंट करून पहिले शंभर मैल गल्लीबोळांतून चालवावेत, नंतर केबिनचे, पाट्यांचे आणि स्टीअरिंगचे सर्व बोल्ट पान्याने पुन्हा कसावेत आणि प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या तपासणीत कोणता बोल्ट हलला ते नुसत्या नजरेने दिसेल.