तान्ह्या बाळाचा ताप आणि आकडी: या चुका टाळा

२८ दिवसांच्या आतल्या बाळाला ताप आला की मेडिकलमधून थेंब आणून पाजू नका. काखेत थर्मामीटर लावा. पारा ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा ९७.७ च्या खाली उतरला, तर दवाखाना गाठा. एखादा विषाणू मेंदूपर्यंत गेला तरी काही बाळांना ताप येतच नाही. ती नुसती थंड पडतात आणि दूध सोडतात.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. झोपेत बाळ हसलं की आपल्याकडे सटवाई खेळवते म्हणतात. म्हणा, माझी हरकत नाही. पण ओठ सारखे चोखल्यासारखे हलणं, नजर एका बाजूला लागून राहणं, सायकल मारल्यासारखे पाय चालणं, मध्येच श्वास थांबून ओठ निळे पडणं ही तान्ह्या बाळाची आकडी असू शकते. मोठ्या माणसासारखं अंग आखडून फेस येईल म्हणून वाट बघत बसलात तर वेळ हातची जाते.

खानापूरकडचं एक बाळ असंच आलं. बाळंतपण सुरळीत, बारसं थाटात. त्यानंतर उजवा हात उडू लागला. आजी म्हणाली, "सटवाई खेळवायलीय वो सिस्टर, म्हणून गप्प बसलो." गावातल्या दवाखान्यात गॅसचे थेंब मिळाले. आमच्याकडे आलं तेव्हा बाळ पेंगलेलं, छातीला लागत नव्हतं. घट्ट बांधलेलं दुपटं सोडून मी मनगट धरलं, तर हात माझ्या मुठीतही ठेक्यात उडत राहिला. भुकेलं किंवा दचकलेलं बाळ थरथरतं, पण हात धरला की थरथर थांबते. आकडी थांबत नाही. नवीन नर्स मुलींना मी मॉनिटरच्या आधी हेच शिकवते. त्यांना मशीनकडे बघायची घाई असते.

डॉक्टरांनी पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट यायची वाट न बघता असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं. रिपोर्टमध्ये हर्पिस निघाला, म्हणजे ओठावर फोड आणणारा विषाणू. आठवड्याभरात बाळ दूध ओढू लागलं आणि वडील डिस्चार्ज मागू लागले, गणपती तोंडावर आले होते. मेंदूच्या हर्पिसला हे औषध शिरेतून २१ दिवस द्यावं लागतं, शेवटी पाठीचं पाणी पुन्हा तपासतात, मग ६ महिने तोंडावाटे औषध. यात 'जरा लवकर सोडा की' चालत नाही. वडील कुरकुरत का होईना, थांबले. आज ते पोर बालवाडीत जातं. उजवा हात कमी वापरतं.

दुसरी चूक, आईचा ताप लपवणं. बाळंतपणाच्या आदल्या-पुढच्या एक-दोन दिवसांत आईला चिकुनगुनिया झाला असेल, तर बाळ जन्मताना ठणठणीत दिसतं आणि साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी बिघडतं: ताप, दूध सोडणं, आकडी, पुढे नाकाच्या शेंड्यावर काळसर डाग. तोवर माय-लेकरू घरी पोचलेलं असतं. सिझेरियननं हा धोका टळत नाही आणि या विषाणूवर नेमकं औषध नाही, म्हणून आधी कळणं मोलाचं. 'ताप आला होता, सांधे धरले होते' हे प्रसूतीच्या वेळीच सांगा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर सोबत कन्नड येणारं माणूस न्या, नाहीतर थायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदींचं कार्ड) लिहून घ्या.

ओठावर फोड आलेल्या माणसानं बाळाची पापी घेऊ नये. आत्या असली तरी.

हालचाल विचित्र वाटली तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण दुपटं काढून, उजेडात, अख्खं बाळ दिसेल असा. फिल्टर लावलेले व्हिडिओसुद्धा मी पाहिलेत.

आणि कानांची तपासणी पास झाली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू गर्भातच लागला असेल तर ऐकू येणं पुढे काही वर्षांतही कमी होऊ शकतं. त्याची लघवीची किंवा लाळेची तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. नंतर विषाणू सापडला तरी तो जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही.