राउटर टेबलावर फळीची कड सरळ करण्याआधी

राउटर टेबल म्हणजे ज्याच्या खाली राउटर उलटा बसवलेला असतो आणि त्याचं फिरतं पातं, म्हणजे बिट, वर येतं असं टेबल. सगळ्यात आधी प्लग काढा. एरवी ही सूचना शेवटी कुठेतरी येते, पण या तयारीत बोटं सारखी बिटाच्या आसपास असतात आणि बिट हाताने फिरवून बघायचं असतं. नुसतं बटण बंद असून भागत नाही.

मशीनकडे वळण्याआधी फळी तपासा. तिची जी बाजू टेबलावर टेकणार ती सपाट हवी. फळीला पीळ असेल किंवा ती परातीसारखी खोलगट झाली असेल, तर ती टेबलावर डुगडुगत पुढे जाते आणि कडेचा कोन दर वितीला बदलतो. हा दोष इथे निघत नाही. रंधा मारून फळी आधी सपाट करून आणावी लागते. इथे निघतो तो कडेचा बाक, आणि तोही थोडाच. कडेला सरळ पट्टी लावून फट बघा. एक-दोन मिलिमीटर असेल तर चालेल. जास्त असेल तर पट्टीच्या आधाराने सर्क्युलर सॉने, म्हणजे गोल पात्याच्या यांत्रिक करवतीने, एकदा कापून घ्या. दर फेरीला जेमतेम मिलिमीटरभर लाकूड काढणाऱ्या मांडणीवर पाच मिलिमीटर झिजवत बसण्यात काही हशील नाही. कड मध्ये खोल असली तर बरंच, कारण दोन्ही टोकं टेकतात आणि फळी स्थिर राहते. मध्ये पोक असेल तर ती त्या पोकावर झुलते, म्हणून पोक आधी हातरंध्याने उतरवा. फेन्स म्हणजे टेबलावरची उभी आडभिंत, जिला टेकवून फळी पुढे ढकलतात. फळीची लांबी तिच्या साधारण दुप्पट असेपर्यंत भरवसा ठेवता येतो. रुंदी हवी त्यापेक्षा निदान ३ मिलिमीटर जास्त ठेवा. जुनं लाकूड असेल तर खिळे शोधा, अगदी चुका म्हणतात ते बारीक खिळेसुद्धा.

बिट सरळ धारेचं, कार्बाइडचं (पोलादापेक्षा कठीण पदार्थाचं), आणि जमलं तर अर्धा इंच दांड्याचं घ्या. पाव इंची दांडा लांब धारेला लवतो आणि कडेवर बारीक लाटा उमटतात. धारेची उंची फळीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त हवी, कारण दोनदा उंची बदलून कापलेल्या कडेवर पायरी राहतेच. दांडा कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या बिट पकडणाऱ्या नळीत, पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे ओढा आणि मग आवळा. तळाला टेकलेला दांडा आवळताना नीट पकडला जात नाही. १२ ते २० मिलिमीटर व्यासाच्या बिटाला मिनिटाला १८ ते २२ हजार फेऱ्यांचा वेग चालतो. प्लायवूड किंवा एमडीएफची कड करायची असेल तर हे टेबल जॉइंटरपेक्षा (कड रंधणाऱ्या यंत्रापेक्षा) कामाचं, कारण प्लायमधला सरस जॉइंटरची पोलादी पाती लवकर बोथट करतो आणि कार्बाइड तो पुष्कळ सोसतं.

आता फेन्स. तयारीतला अर्धा वेळ इथेच जाऊ द्या. साध्या फेन्सचे उजवा आणि डावा भाग एका रेषेत असतात. त्यावर कड काढली तर कापलेल्या जागी डावीकडे आधारच उरत नाही, आणि शेवटी फळी बिटात घुसते. म्हणून डावा भाग, म्हणजे जिथून फळी बाहेर पडते तो, जितकं लाकूड काढायचं तितकाच पुढे आणायचा. फेन्स दोन तुकड्यांची असेल तर मागे पाचर सारा. एकसंध असेल तर डाव्या अर्ध्यावर लॅमिनेटची, आपण जिला सनमायका म्हणतो तिची, ०.८ किंवा १ मिलिमीटर जाडीची पट्टी दुहेरी टेपने चिकटवा. पट्टीची उंची फळीच्या जाडीपेक्षा कमी नको. टेपची जाडी मोजायची गरज नाही: पट्टी आणि टेप मिळून किती लाकूड निघणार ते ठरतं, कड सरळ येते ती बिट पट्टीच्या रेषेत असण्यावर. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळेपर्यंत मी व्हर्नियर घेऊन टेपची जाडी मोजत बसलो होतो.

रेषेत आणण्यासाठी पोलादी पट्टी डाव्या भागाला चिकटवून धरा, तिचं टोक बिटावर येऊ द्या आणि बिट हाताने सावकाश फिरवा. धार पट्टीला निसटती शिवली पाहिजे, ढकलता कामा नये. बारीक सरकवण्यासाठी फेन्सचं एकच टोक ढिलं करा. ते एक मिलिमीटर हललं तर मधल्या बिटापाशी फेन्स अर्धाच मिलिमीटर हलते. फेन्स टेबलाच्या खाचेला तिरकी झाली तरी या कामात काही बिघडत नाही. गुण्या लावून फेन्स टेबलाशी काटकोनात आहे का ते मात्र बघा, दोन्ही भागांवर वेगवेगळं. बिटाभोवतीची फट शक्य तितकी लहान ठेवा, नाहीतर फळीचं पुढचं टोक तिच्यात डोकावतं.

फळ्या टेबलटॉपसाठी असतील तर त्या हव्या त्या क्रमाने मांडून सगळ्यांवरून मिळून एक मोठा त्रिकोण पेन्सिलने काढा, म्हणजे क्रम आणि सुलटी बाजू लक्षात राहते. मग प्रत्येक सांध्यातली एक कड फळी सुलटी ठेवून आणि समोरची उलटी ठेवून काढायची. फेन्सच्या कोनात अर्ध्या अंशाची चूक राहिली तरी दोन कडा एकमेकींची भरपाई करतात आणि सांधा सपाट बसतो.

ढकलायचा ठोकळा, चष्मा, कानाचं झाकण हाताशी ठेवा. भुसा ओढणारा पाइप फेन्सला जोडा. एक ढलपी डाव्या फेन्स आणि फळीच्या मध्ये अडकली तरी तिथे रेषा चुकते. फळी उजवीकडून डावीकडे न्यायची, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध, आणि फेन्स व बिट यांच्या मधून कधीही नाही. दुसरी कड समांतर करण्यासाठी तो मोह होतो. ते काम टेबल सॉचं.

आता प्लग लावा आणि टाकाऊ फळी वीतभर आत न्या. न हलवता मशीन बंद करा आणि बिट थांबेपर्यंत धरून ठेवा. डाव्या भागाशी उजेड दिसला तर बिट पट्टीच्या पुढे आहे. अशी पूर्ण फळी काढली असती तर शेवटच्या टोकाला खाच पडली असती. फळीचं टोक पट्टीच्या कडेला अडलं तर बिट मागे आहे. फरक केसाएवढा असला तरी पुन्हा प्लग काढा आणि पोलादी पट्टी लावा. जुळलं की पूर्ण फळी न्या. पुढचं टोक वीतभर बाहेर आलं की हाताचा दाब डाव्या भागावर आणा.

दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. टोकाला कागदाचा कपटा सरकला तर सांधा अजून तयार नाही. क्लॅम्प आधीच उघडून मापाला लावून ठेवा आणि सरस त्याच दिवशी लावा. चार दिवस भिंतीला टेकवून ठेवलेली फळी हवेतला ओलावा घेऊन वाकते आणि पुन्हा कडेला सरळ पट्टी लावून बघावं लागतं.