पोटातल्या चाकूच्या जखमेचा चार्ट ऑडिटमधून परत येत होता, असा सुटला

अमेरिकन हॉस्पिटलचा चार्ट, म्हणजे रुग्णाची नोंद; कोडिंग आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे निदानांना कोड देण्याच्या तिथल्या पद्धतीत. निदान फक्त ‘स्टॅब वूंड, ॲब्डोमेन’. कोड लावले: पोटाच्या भिंतीवरच्या जखमेच्या एस३१.१ गटातला पंक्चरचा (टोचल्याच्या जखमेचा) आणि लहान आतड्याच्या जखमेचा एस३६.४३८ए. ऑडिटचा शेरा: दोन्ही कोड एकमेकांशी जुळत नाहीत. क्रम बदलला, क्वाड्रंट (पोटाचा भाग) बदलला, शेरा तोच. डोकं उठलं.

आधी इमर्जन्सी नोट बाजूला ठेवून ऑपरेशन नोट उघडा आणि पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर) हा शब्द शोधा. आमच्या नोटेत ते फाटल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मग एस३१.१ बादच, कारण तो पेरिटोनियल पोकळीत न शिरलेल्या जखमेचा. शिरलेल्या जखमेला एस३१.६. नोटेत काहीच नसेल तर अंदाज बांधू नका, सर्जनला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवा. ‘पेरिटोनियम फाटलं होतं ना?’ असं उत्तर सुचवणारं विचारू नका. ‘जखमेची खोली नमूद करावी’ एवढं पुरे.

मग प्रकार. कोडच्या सूचीत ‘स्टॅब’ पाहिलं की ती ‘लॅसरेशन’कडे (कापल्याच्या जखमेकडे) पाठवते, म्हणून पंक्चर नाही. पाचवं अक्षर १: लॅसरेशन, आत परकी वस्तू नाही. सहावं जागेचं, डावा वरचा भाग, म्हणून १. सातवं ए, सक्रिय उपचार चालू असल्याचं. झाला एस३१.६११ए.

क्रमात सर्वांत गंभीर इजा आधी, म्हणजे एस३६.४३८ए, मग एस३१.६११ए, शेवटी चाकूहल्ल्याचा एक्स९९.१एक्सएक्सए. यातले ‘ए’च्या आधीचे दोन एक्स जागा भरायलाच असतात. ते गाळले तर कोड अवैध ठरतो.

चार्ट पास झाला.