गल्लीतलं जुनं घर घेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या आप्पांना धुळ्याच्या जुन्या गल्ल्या सोडून कुठंच करमत नाही. देवपूरकडं प्लॉट मोठे आहेत, गाडी लावायला जागा आहे, सगळं मान्य, पण त्यांना सकाळी पायी जाऊन भाजी आणायची असते आणि येताना आग्रा रोडवर ओळखीच्या दुकानात दहा मिनिटं टेकायचं असतं. म्हणून आम्ही दोघं भाऊ जुन्या भागातच छोटं घर शोधत होतो, दोन वर्षांत नऊ घरं बघितली आणि शेवटी एक घेतलं. तेवढ्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून झाल्या, म्हणून म्हटलं लिहून टाकू.

सगळ्यात मोठी चूक, उन्हाळ्यात घर बघायचं आणि उन्हाळ्यातच इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन मोकळं व्हायचं. एप्रिल-मेमधे आपल्याकडं सगळंच कोरडं ठाक असतं, भिंत पण. त्यात जुनी दोन फुटी भिंत, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, बाहेर ४४ डिग्री आणि आत पाऊल टाकलं की गार, माणूस तिथंच विरघळतो. आम्ही पण विरघळलो. घरमालक नाना म्हणजे गोड माणूस, त्यांनी भिंतीवर जोरात थाप मारली आणि म्हणाले, "मन्हा बापनी बांधेल शे, काय व्हत नही भाऊ." थाप भिंतीवर मारली का आम्हाला, ते जुलैत कळलं.

झालं असं की इसार द्यायला जरा उशीर झाला, पैशांची जुळवाजुळव चालू होती, आणि तेवढ्यात पाऊस लागला. सहज चक्कर मारायला गेलो तर रस्त्याचं पाणी सरळ उंबऱ्यावरून आत. जुन्या भागात दर वेळी नवा रस्ता जुन्यावरच ओततात, जुना कोणी खोदत बसत नाही, त्यामुळं रस्ता वर वर येतो आणि घर आहे तिथंच राहतं. नानांच्या ओट्याला आधी तीन पायऱ्या होत्या म्हणे, आता एकच दिसते, बाकीच्या दोन रस्त्याच्या पोटात. आणि खरं सांगायचं तर हे उन्हाळ्यात पण दिसलं असतं, बघायची अक्कल नव्हती. कपाटाखाली विटा, पलंगाखाली विटा, फ्रिजखाली पण विटा, आणि दाराच्या चौकटीवर वीतभर उंचीवर एक तपकिरी रेघ! ती पाण्याची रेघ असते. पुढं जिथं जाल तिथं आधी फर्निचरच्या पायाखाली बघा, छत नंतर बघा.

यावर लोक म्हणतात, त्यात काय, भर टाकून फरशी वर घेऊ. घ्या की, पण धाब्याच्या घराची उंची आधीच कमी असते, चौकट त्याहून बुटकी, दीड फूट भर टाकली की वाकून आत जावं लागेल. शिवाय मोरीचं पाणी बाहेरच्या गटारीपेक्षा खाली राहिलं तर ते बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. तपासायला सोपं आहे, मोरीत दोन बादल्या भसकन ओता आणि एकाला बाहेर गटारीपाशी उभं करा, किती वेळानं आणि किती जोरात पाणी येतं ते बघायला सांगा.

तडे. यात आम्ही उलटी चूक केली, एक चांगलं घर नुसत्या तड्यांना घाबरून सोडलं. आपल्याकडं काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं पाया उथळ असलेल्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातातच. प्लॅस्टरवरचे केसासारखे तडे सोडून द्या. पण ज्यात रुपयाचं नाणं शिरतं, जो भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसतो, किंवा ज्याच्या एका बाजूची भिंत दुसऱ्या बाजूपेक्षा पुढं आलेली आहे, तो तडा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाकायची आणि दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं, ही जुन्या मिस्तरींची पद्धत आजही चालते. मालक तेवढे थांबू देत नसेल तर का, ते त्यालाच विचारा.

नव्या रंगाला भुलू नका. त्यातही जुन्या घरात फक्त खालच्या तीन-चार फुटांना टाइल्स आणि वर पुट्टी असेल तर कान टवकारायचे, कारण जमिनीतली ओल भिंतीत साधारण तेवढीच वर चढते आणि लोणा लागलेलं, म्हणजे ओलीनं क्षार फुटलेलं, प्लॅस्टर झाकायचा तो सोपा उपाय आहे. टाइलवर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर मागं माती सुटलीय. टाइलच्या वरच्या काठाशी हात फिरवून बघा, पांढरी भुकटी हाताला लागली तर ओल वरून निघायला वाट शोधतेय.

छताचं पण तेच. नवीन पीओपी केलेली असेल तर एखादा तुकडा काढून वर टॉर्च मारू द्या म्हणायचं. सागवानी सरा, म्हणजे छताची तुळई, आहे म्हणून लोक मिशीवर ताव देतात, आणि सागवान असतंच चिवट, पण सरा मधे सहसा सडत नाही, भिंतीत जिथं टोक जातं तिथं आधी सडतो. आमच्या मिस्तरींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि टोकापाशी नुसता दाबला, अर्धा आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. मालक बाजूलाच उभे होते, कोणी काही बोललं नाही, चहा पिऊन निघालो. वाळवी म्हणजे मातीच्या बारीक नळ्या, त्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि चौकटीमागं शोधा.

सामाईक भिंतीचा विषय तर कोणी काढतच नाही. गल्लीतली घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात, शेजाऱ्यानं उद्या त्याचं घर पाडलं की तुमची भिंत उघडी पडते, आणि त्यानं कॉलमसाठी खोल खड्डे घेतले तर तुमचा पाया ढिला होतो. शेजारच्याला सरळ विचारा, काका, तुम्ही बांधायला काढणार का कधी? शेजारी मालकापेक्षा जास्त खरं बोलतात, फुकट. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे पण त्यांनाच विचारा, मालक नेहमी एक-दोन दिवस कमी सांगतो.

आता मोजमाप. एका घराचे मालक म्हणाले ६०० चौरस फूट, आम्ही त्याच हिशेबानं भाव लावून बसलो. नंतर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढलं तर त्यावर ४६ चौरस मीटर. १०.७६४ नं गुणा, ४९५ फूट होतात. उरलेले १०५ फूट कुठून आले? ओटा, आणि मागच्या बोळीत काढलेला संडास. ओटा पालिकेच्या जागेवर, बोळ सगळ्यांची. टेप तुमचा न्या आणि कार्डावरचा आकडाच धरा, आणि शंका असेल तर भूमी अभिलेखची मोजणी मागवा. सोबत महापालिकेत विकास आराखडा बघून घ्या, रस्ता रुंदीकरणात पुढचे पाच फूट जाणार असतील तर छोट्या घरात राहतं काय?

कागदांमधे सगळ्यात जास्त फसतात ते घरपट्टीवर. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही हो, ती फक्त कर भरल्याची पावती. धुळ्याला महापालिका २००३ ला झाली, त्याआधीच्या नगरपालिकेच्या पिवळ्या पडलेल्या पावत्यांचा गठ्ठा दाखवून मालक म्हणतात बघा किती जुनं आहे. जुनं आहे, तुमचं आहे का? सिटी सर्व्हेच्या त्याच प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे आणि सत्ता प्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं धरलीय, काय लिहिलाय ते बघायचं, सरकारी भाडेपट्ट्याची जागा निघाली तर परवानगीची लांबण लागते. बऱ्याचदा कार्डावर वारलेल्या आजोबांचंच नाव असतं, खाली चार मुलगे, तीन मुली, आणि विकायला आलेला एकटा धाकटा. "बहीण सुरतला असते, ती काही म्हणणार नाही." नसेलही म्हणत, पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, म्हणून तिची सही खरेदीखतावर हवी, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेलं हक्कसोड चालत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या, हे पैसे वाचवू नका. ऑनलाइन सर्चमधे आपल्याकडचे दस्त २००२ पासूनचेच दिसतात, तेवढ्यावर भागत नाही.

पुढच्या खोलीत भाड्याचं दुकान असेल तर भाडेकरू पण घराबरोबर विकत घेताय असं समजा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळं जुना भाडेकरू मालक बदलला म्हणून उठत नाही.

आणि लोन धरून चालू नका. बँकेचा व्हॅल्युअर माती-विटांच्या बांधकामाला जवळजवळ काहीच किंमत लावत नाही, उरलेलं आयुष्य विचारतो, आणि करारापेक्षा त्याचा आकडा कमी आला तर बँक त्याच्याच आकड्यावर कर्ज देते. म्हणून इसार द्यायच्या आधी बँकेत विचारायचं, आणि इसार पावतीत लिहून घ्यायचं की कागद किंवा लोन अडलं तर इसार परत. इसार चेकनंच द्या, २०,००० आणि त्याच्या वर रोख तर अजिबात नको.

आम्ही घेतलेल्या घरात तडे आहेत, वायरिंग नवं करावं लागलं, गाडी अजून चुलत भावाच्या दारात लावतो. पण ओटा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे आणि सातही वारसांच्या सह्या खरेदीखतावर आहेत, सुरतच्या ताईंची पण, त्या सहीसाठी मी आणि भाऊ पहाटेच्या बसनं जाऊन त्यांना घेऊन आलो होतो.