थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च कसा कमी करावा

थंडी वाढली की बहुतेक जण आधी हीटर बघायला लागतात. कुठला लवकर तापतो, कुठला कमी वीज खातो वगैरे. माझ्या मते ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. घरातली ऊब ज्या वेगाने बाहेर जाते, त्याच वेगाने ती पुन्हा भरून काढावी लागते आणि बिल येतं ते त्या भरपाईचं. म्हणून खालचा क्रम असा ठेवला आहे: आधी गळती, मग माणूस आणि खोली, त्यानंतर तापमान आणि सगळ्यात शेवटी यंत्र. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही यातलं बरंचसं करता येईल.

पायरी १: फटी शोधा आणि बुजवा

वारा असेल असा दिवस निवडा. दारं-खिडक्या लावून घ्या, पंखे बंद करा, पडदे पूर्ण बाजूला सारा. मग पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. तो एकदम आडवा झाला किंवा फटीत ओढला गेला, तर तिथून हवा येते-जाते आहे. उदबत्ती नसेल तर तळहात ओला करून फिरवा, गार झुळूक लगेच जाणवते.

दाराखालची फट सगळ्यांनाच दिसते. नजरेतून सुटतात त्या जागा वेगळ्या: सरकत्या खिडकीचा खालचा रूळ, दोन झडपा जिथे एकमेकींना मिळतात ती उभी रेघ, पाइप किंवा केबल भिंतीतून बाहेर जाते ते भोक, पोटमाळ्याचं झाकण आणि झडप नसलेला एक्झॉस्ट फॅन.

बुजवताना एक साधा नियम पाळा. जो भाग उघड-बंद होतो त्याला फोमची किंवा रबराची चिकटपट्टी; जो हलत नाही त्याला सिलिकॉन किंवा पुट्टी. पट्टी लावण्याआधी चौकट पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर आठवड्याभरात ती लोंबायला लागते. आणि जाड पट्टी म्हणजे चांगली पट्टी असं समजून घेऊ नका. ती फार जाड झाली की झडप नीट बसत नाही आणि होती त्यापेक्षा मोठी फट तयार होते. दाराखाली ब्रशची पट्टी बसवा, किंवा जुनी चादर घट्ट गुंडाळून ठेवा. दिसायला बरं नाही, पण काम होतं.

फक्त एक जागा कधीही बुजवायची नाही. घरात गॅस, रॉकेल, लाकूड किंवा कोळसा जळत असेल, तर त्या खोलीला बाहेरच्या हवेची वाट राहिलीच पाहिजे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपेत तो कळतही नाही. अशा घरात या वायूचा इशारा देणारा अलार्म लावा. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं तर कुठल्याही परिस्थितीत नको, निखारे विझत आले असले तरीही.

पायरी २: काच आणि छत

खिडकीची एकेरी काच रात्री जवळजवळ बाहेरइतकीच गार होते. तिच्या आणि खोलीच्या मध्ये स्थिर हवेचा एक थर उभा करणं, एवढंच आपलं काम. जाड, अस्तर लावलेला पडदा ते करतो, पण तो दोन्ही बाजूंना भिंतीवर आलेला आणि खाली पाळीला किंवा जमिनीला टेकलेला हवा. खिडकीखाली रेडिएटर (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारं धातूचं पॅनेल) असेल तर पडदा त्याच्या मागे, पाळीवर थांबू द्या. रेडिएटरवर पडदा आला की सगळी ऊब काचेकडेच जाते. ज्या खिडकीत ऊन येतं तिचे पडदे दिवसभर उघडे ठेवा आणि ऊन गेल्यावर लगेच ओढा.

चौकटीवर ताणून बसवायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म स्वस्त आहे आणि तिचा परिणाम चांगला असतो. न्हाणीघराच्या किंवा अडगळीच्या खोलीच्या खिडकीला बबल रॅपही चालतं. दुहेरी काचेच्या खिडक्या उत्तमच, पण निव्वळ बिल वाचवायला चांगल्या खिडक्या काढून त्या बसवण्याचा हिशेब जुळायला फार वर्षं लागतात. खिडक्या बदलायला झाल्याच असतील तेव्हा विचार करा.

स्वतःचं घर असेल आणि वर पोटमाळा असेल, तर पहिला मोठा खर्च तिथे करावा. थंड देशांत पोटमाळ्याच्या जमिनीवर काचलोकरीचा (ग्लास वूलचा) २५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड थर अंथरतात. तो दाबून बसवू नका. ऊब धरते ती लोकरीत अडकलेली हवा.

पायरी ३: खोलीआधी माणूस गरम करा

हिशेब सरळ आहे. २,००० वॉटचा हीटर तासाभरात २ युनिट वीज खातो. १०० वॉटचं विजेवर तापणारं ब्लँकेट तासाला ०.१ युनिट. म्हणजे हीटरच्या एका तासात ब्लँकेट २० तास चालेल. बैठं काम करणाऱ्याने पायमोजे, गुडघ्यांवर शाल आणि गरम पाण्याची पिशवी एवढं जवळ ठेवलं, तर खोली दोन अंश गार असली तरी फरक जाणवत नाही. मात्र विजेचं ब्लँकेट आणि पाण्याची पिशवी एकत्र वापरू नका, आणि तान्ह्या बाळाच्या अंथरुणात यातलं काहीच नको.

इथे अतिरेकही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं म्हटलं आहे. घरात वृद्ध, लहान मूल किंवा दम्याचा-हृदयाचा रुग्ण असेल तर त्याहून खाली जाऊन बचत करू नये.

पायरी ४: वावर असेल तीच खोली तापवा

संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसा, दार ओढून घ्या, रिकाम्या खोल्यांचे रेडिएटर कमी करा. पूर्ण बंद नको. अगदी गार पडलेल्या खोलीत भिंतींना ओल धरते आणि मग बुरशी.

पायरी ५: थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे खोली किती अंशांपर्यंत तापवायची ते ठरवणारं साधन. उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. बाहेर २ अंश आणि आत २२ असेल तर फरक २० अंशांचा. आत २० वर आणलं की फरक १८, म्हणजे गळती एक दशांशाने कमी. यापलीकडे काही सूत्र नाही. झोपताना आणि घराबाहेर पडताना चार-सहा अंश खाली आणलं की बचत आपोआप होते, टायमर असेल तर आठवणही ठेवावी लागत नाही.

खोली लवकर तापावी म्हणून थेट २८ वर नेणारे पुष्कळ. थर्मोस्टॅट काही गॅसची कळ नाही, की जास्त फिरवली तर ज्योत मोठी व्हावी. साध्या यंत्रणेत तो फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. २० अंशांपर्यंतचा वेळ तेवढाच लागतो आणि तुम्ही विसरलात की पुढचे आठ अंश फुकट.

‘दिवसभर मंद चालू ठेवलेलं स्वस्त पडतं’ हे बहुतेक घरांत खरं नाही. घर जितका वेळ गरम, तितका वेळ गळती चालू. अपवाद हीट पंपाचा (थंड-गरम दोन्ही करणारा एसी, त्याबद्दल पायरी ६ मध्ये). तो संथ आणि सलग चालवला तर जास्त कार्यक्षम असतो, त्यामुळे त्याला वारंवार मोठे चढउतार देऊ नयेत.

पायरी ६: आता यंत्र

प्लगला लावायचे सगळे हीटर, मग ते ऑइलचे असोत, फॅनचे की हॅलोजनचे, एका युनिटातून तेवढीच उष्णता देतात. खोक्यावर ‘कमी विजेत दुप्पट ऊब’ लिहिलं असेल तर दुर्लक्ष करा. निवड वापरावरून करा: थोडा वेळ एकाच जागी बसायचं असेल तर समोरून शेक देणारा, रात्रभर निजायच्या खोलीत ऑइलचा, लहान बंद खोली पटकन तापवायला फॅनचा.

वेगळी गोष्ट फक्त हीट पंपाची, म्हणजे थंड-गरम दोन्ही करणाऱ्या एसीची. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत थोडी कमी. असा एसी घरात असून कोपऱ्यात हीटर चालू, हे दृश्य फार घरांत दिसतं. एसीची जाळी मात्र धुळीने भरू देऊ नका.

गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर हात लावून बघा. वरचा भाग गार असेल तर आत हवा अडकली आहे: यंत्रणा बंद करून ती निवू द्या, मग वरचा छोटा स्क्रू किल्लीने हळू सैल करा, फसफस थांबून पाणी आलं की आवळा आणि बॉयलरचा दाब तपासा. खालचा भाग गार असेल तर गाळ साचला आहे. त्याला कारागीर लागतो. रेडिएटरसमोरचा सोफा हातभर पुढे ओढा.

दोन हजार वॉटचा हीटर साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. पडदे, अंथरूण आणि वाळत घातलेले कपडे त्याच्यापासून मीटरभर लांब.

पायरी ७: दमट हवा बाहेर काढा

सगळं बंद केलेल्या घरात वाफ साचते आणि काचांवर पाणी येतं. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. त्याने भिंतीही गार पडतात. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. हवा बदलते, भिंतींतली ऊब टिकते. आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन लावा आणि आरसा निवळला की आठवणीने बंद करा, कारण त्यानंतर तो गरम हवाच बाहेर फेकत असतो.

पाणी गोठेल अशा थंडीत काही दिवस बाहेरगावी जायचं असेल, तर यंत्रणा पूर्ण बंद करून जाऊ नका. १२-१३ अंशांवर चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे नळाच्या पाइपांना ऊब पोहोचेल. पाण्यावर चालणारी हीटिंग यंत्रणा त्याच जोडणीवर अवलंबून नसेल, तर निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्हही बंद करा.